वळचणीखालची खडी

वळचणीचें पाणी आढ्याला जात नाहीं हें खरें. पण तें भिंतीवर मात्र चढतें. पागोळी उघड्या मातीवर आदळली कीं चिखलाचे शिंतोडे उडतात, चुन्याला पोपडे येतात आणि मातीची भिंत तळाशीं झिजते. पागोळीच्या रेषेवर 2 फूट रुंद खडीचा पट्टा घातला म्हणजे धारेचा जोर मोडतो.

परंतु बुलढाणा जिल्ह्यांत सर्वत्र एवढ्यानें भागत नाहीं. घाटावर पुष्कळ ठिकाणीं मातीचा थर पातळ असून खालीं मुरूम लागतो. घाटाखालीं, मलकापूर-शेगांवकडे, पूर्णेच्या खोऱ्यांत काळी माती खोल आहे. ती पाण्यानें फुगते, उन्हानें आकसून भेगाळते. तिच्यांत चर खणून नुसती खडी भरली, तर पाणी पायाशींच तुंबतें आणि पुढें जोत्याला तडे जातात.

म्हणून तेथें प्रथम मुरूम ओला करून चोपावा. भिंतीपासून बाहेर दर फुटास निदान अर्धा इंच उतार द्यावा. त्यावर 4 इंच खडी पसरावी व कडेच्या नालीनें पाणी दूर न्यावें. खडीचा थर जोत्याच्या माथ्यापेक्षां बराच खालीं ठेवावा. खडी शिंतोडे अडवील. पण पाया राखील तो उतारच.