चर्चगेटचे चर्च आणि दाराबाहेरचे लोक



चर्चगेट स्थानकावर तुम्ही नित्य उतरता. ज्या दरवाजावरून हे नाव पडले तो कोटाचा दरवाजा एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. परंतु तो ज्या चर्चकडे नेत असे, ते सेंट थॉमसचे चर्च फोर्टात आजही उभे आहे. मुंबईतील हे पहिले अँग्लिकन चर्च. उपासकांची मंडळी कशी उभी राहते व कोठे अडते, हे दोन्ही त्याच्या स्थापनेत दिसते. म्हणून नवदीक्षित कुटुंबांपुढे मी तो वृत्तांत ठेवीत आहे.

गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या कारकीर्दीत, इ. स. १६७६ च्या सुमारास, चर्चचा पाया घातला गेला. भिंती काही हात वर आल्या आणि सुमारे चाळीस वर्षे तशाच उघड्या राहिल्या. कंपनीपाशी सत्ता होती, जागा होती. नव्हता तो मंडळीचा निर्धार. १७१४ साली रिचर्ड कॉब हा धर्मोपदेशक आला. तोवर प्रार्थना किल्ल्यातील खोल्यांत चाले. त्याने प्रवचनातून वर्गणी मागितली, इतर वखारींना पत्रे धाडली, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले. बिशपाच्या हस्ते त्याचे विधिपूर्वक समर्पण व्हावयास मात्र १८१६ साल उजाडले. अठ्ठ्याण्णव वर्षे मंडळी बिशपावाचून अडली नाही, हे विशेष ध्यानात घ्या. भिक्खू मिळेना म्हणून वंदना बंद ठेवणाऱ्या वस्त्या मी पाहिल्या आहेत!

उद्घाटनाच्या दिवशी रामा कामाटी हा वजनदार हिंदू पुढारी आपल्या जातभाईंसह आला व बाहेर उभा राहून पूर्ण उपासना पाहत राहिला, असे कॉबने लिहून ठेवले आहे. (याच गृहस्थाला पुढे दोन वर्षांत राजद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा झाली, आणि तो पुरावा बनावट होता असे इतिहासकार मानतात.) आत तरी समता होती काय? बैठका दर्जाप्रमाणे वाटलेल्या होत्या. ‘कनिष्ठ स्त्रियां’साठी वेगळी जागा होती. देवासमोरही हुद्दा सुटला नाही. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगावयास नको. म्हणून विहारात सतरंजी अंथरताना पुढची जागा कोणासाठी राखली जाते, इकडे लक्ष असू द्या.

१९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि हे चर्च त्यात गेले. पंथाची व्यवस्था बदलली, तरी वास्तू मंडळीकडेच राहिली. कारण ती कोणा एका गृहस्थाच्या नावे नव्हती.

आपल्याकडे येथेच घोटाळा होतो. वर्गणी साऱ्या चाळीची, आणि खरेदीखत एकट्या कार्यकर्त्याच्या नावे! तो वारल्यावर वारस दार लावून घेतात आणि लोक माझ्याकडे कागद शोधीत येतात. राज्यघटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने धार्मिक संप्रदायाला संस्था स्थापण्याचा व मालमत्ता धारण करण्याचा हक्क दिला आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी होते. विश्वस्तांत स्त्रिया घ्या. पावतीपुस्तक आजच छापून घ्या, आणि जागेचा व्यवहार नोंदणी झाल्यावरच करा.