फरदडीचं पाणी आणि भाजीचा गुंठा

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणं चाललं आहे आणि ते व्हायलाच पाहिजे. आमच्या वाट्याला विषय आला आहे भाजीचा. भाजीचं नाव निघताच मागच्या रांगेतले काही जण तंबाखू मळत बाहेर निघाले, ते आम्हाला इथून दिसलं. जाऊ द्या त्यांना. कर्णा बाहेरही लावलेला आहे.

आम्ही एकाच गावातल्या सात घरच्या बाया. सगळी घरं कोरडवाहू. कापूस, तूर, ज्वारी. चार घरांकडे विहीर आहे, तीन घरांकडे नाही. विहीर आहे म्हणजे बागाईत आहे, असं कोणी समजू नये. दिवाळीला भरलेली विहीर होळीला तळ दाखवते, अशातल्या त्या विहिरी. त्या चार विहिरींवर आम्ही हिवाळ्यात एकेक गुंठा भाजी करतो आणि त्यातला अर्धा गुंठा उन्हाळ्यात टिकवतो. तो कसा टिकवतो आणि त्यासाठी घरात कोणतं भांडण करावं लागतं, एवढंच सांगायचं आहे.

एक गोष्ट आधीच मोकळी करून टाकतो. भाजीचा गुंठा म्हणजे कापसाच्या भावाला पर्याय नाही. उद्या कोणी साहेब नाहीतर पुढारी येऊन म्हणाला, की बायांनो, परसबाग लावा म्हणजे कर्ज फिटेल, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. गुंठ्याने कर्ज फिटत नाही. आठवडी बाजारात भाजीपायी मोडणारी नोट घरात राहते, आणि मार्च ते जून ताटात नुसती भाकरी आणि तिखट राहत नाही, एवढंच त्याने होतं. हे चार महिने मुद्दाम मोजले आहेत. कापसाचा पैसा तोवर कृषी केंद्राच्या उधारीत जिरलेला असतो, मजुरी आटलेली असते, आणि नेमकी त्याच वेळी बाजारात भाजी चढू लागते. हिवाळ्यात भाजी स्वस्त असते तेव्हा ती धुऱ्यावरही मिळते. उन्हाळ्यात मिळत नाही. म्हणून हिवाळ्याच्या गुंठ्याचा खरा हिशेब उन्हाळ्याचा आहे.

आता गुंठा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. विहिरीजवळ आणि शक्यतो गोठ्याच्या नजरेत घ्यावा, नाहीतर रोही आणि रानडुक्कर आपल्या आधी भाजी खाऊन जातात. आम्ही त्याचे आठ वाफे पाडतो. मेथी आणि सांभार एकदम सगळा वाफा भरून कधीच पेरत नाही. अर्धा वाफा आज, अर्धा दहा-बारा दिवसांनी. मेथी महिन्या-सव्वा महिन्यात काढायला येते. एकदम पेरली की एक आठवडा घरोघर वाटत फिरावं लागतं आणि पुढचे तीन आठवडे काही नाही. पालक मुळासकट उपटू नये, कापून घ्यावा, तीन-चार कापण्या देतो. मुळा दीड-पावणेदोन महिने घेतो, गाजर तीन महिन्यांच्या आसपास. वांग्याची वीस झाडं, टोमॅटोची वीस, मिरचीची पंधरा. पाच-सहा माणसांच्या घराला पुष्कळ झाली. कांद्याची रोपं पाटाच्या दोन्ही काठांना, म्हणजे पाटाची ओल वाया जात नाही. वालाचे वेल कुंपणावर. लसूण दिवाळीच्या आगेमागे टोचलेला असेल तर होळीच्या सुमाराला निघतो.

पौषातल्या थंडीत वांगं आणि मिरची बसून राहते, वाढत नाही. लोक घाबरून युरिया टाकतात. टाकू नये. थंडी सरली की झाड आपोआप हलतं. त्या दिवसांत फक्त खुरपणी आणि सकाळच्या उन्हात हलकं पाणी. वांग्याचा शेंडा माना टाकताना दिसला की तो दोन बोटं खालून खुडून जाळायचा. आत अळी असते. ती खाली उतरून फळात गेली की मग काही उपाय चालत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. डिसेंबर-जानेवारी म्हणजे वेचणीचे दिवस. बाई सकाळी वावरात जाते ती दिवे लागताना परतते. भाजीला पाणी द्यायचं कोणी? वीज रात्रीची असली तर प्रश्नच मिटला, म्हणजे बाईची झोप मिटली. आम्ही यावर एवढंच केलं, की मोटार चालू असेल त्या वेळी बांधावरचे दोन ड्रम भरून ठेवायचे आणि ज्या घरी त्या दिवशी वेचणी नाही त्या घरच्या बाईने आपला आणि शेजारणीचा असे दोन्ही गुंठे पाहायचे. पुरुषांनीही पाहायला हरकत नाही. हात झिजत नाहीत.

पाण्याचा हिशेब आता नीट ऐका, कारण सगळं भांडण यावरच आहे.

हिवाळ्यात एक गुंठा भाजीला दिवसाला साधारण ३०० लिटर पाणी लागतं, म्हणजे दोनशे लिटरचे दीड ड्रम. मे महिन्यात त्याच गुंठ्याला ७०० लिटर, साडेतीन ड्रम. म्हणून उन्हाळ्यात आम्ही अर्धाच गुंठा ठेवतो, दिवसाला ३५० लिटर. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांचं मिळून हे होतं ३२ हजार लिटर. आकडा मोठा वाटतो. पण वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर असतं. म्हणजे आपला उन्हाळाभराचा भाजीपाला हा विहिरीतल्या साडेतीन-चार फूट पाण्याचा प्रश्न आहे. जास्त नाही.

आता दुसरी बाजू. एक एकर पऱ्हाटीला दोन इंच पाणी भरायचं म्हटलं तर २ लाख लिटर लागतात. एकदाच्या भरणीला. सरीआड दिलं तरी एक लाख. म्हणजे फरदडीच्या एका पाण्यात आपल्या अर्ध्या गुंठ्याचे सहा उन्हाळे वाहून जातात आणि सरीआड दिलं तरी तीन.

डिसेंबरअखेर वेचण्या संपत आल्या की प्रत्येक विहीरवाल्याच्या मनात येतं, की पऱ्हाटी हिरवी आहे, दोन पाणी देऊ, फरदड निघेल. घरधन्याचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. थोडाफार कापूस निघतो आणि तो अशा वेळी निघतो, की हातात दुसरं काही नसतं. पण त्या कापसाला धड बोंडं नसतात, सरकी हलकी, रुई आखूड, भाव पडेल तो. आणि गुलाबी बोंडअळीला आपण उन्हाळ्यापर्यंत पाहुणी ठेवतो. २०१७ साली या अळीने आपल्या भागात काय केलं, ते या मंडपात कोणाला सांगायची गरज नाही. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, दोघंही फरदड घेऊ नका म्हणून सांगत आले आहेत. त्यांचं सगळंच आम्हाला पटतं असं नाही. हे पटतं.

भाजीवाल्या बाईला यात आणखी एक कारण आहे. भेंडी ही कापसाच्याच कुळातली. पांढरी माशी, तुडतुडे, ठिपक्यांची बोंडअळी, सगळ्यांना दोन्ही चालतं. शेजारी फरदड उभी असताना भेंडी लावली, की पऱ्हाटी वाळता वाळता ती सगळी फौज भेंडीवर उतरते आणि पानं पिवळी पडून केवडा येतो. म्हणून आमच्याकडे आधी पऱ्हाटी उपटली जाते, मग भेंडीचं बी भिजत पडतं. आणि उपटलेल्या पऱ्हाटीचं कुंपण गुंठ्याला करायचं नाही. वाळक्या बोंडांत अळी राहते. कुंपणाला बोरीच्या काट्या आणाव्या.

हा निर्णय संक्रांतीच्या आत झाला पाहिजे. संक्रांतीनंतर बोलून उपयोग नाही, तोवर मोटार चालून गेलेली असते. आमच्या चार घरांपैकी तीन घरांत तो सरळ झाला नाही. एका घरी दोन दिवस चूल अबोल होती. शेवटी त्या घरच्या सासूबाईंनी मुलाला विचारलं, की मे महिन्यात तू बाजारातून भाजी आणशील का, आणि आणशील तर कोणत्या पैशाने? उत्तर आलं नाही. पऱ्हाटी उपटली गेली.

इथे कोणीतरी विचारेल, की मी पाणी राखलं आणि शेजाऱ्याने उपसलं तर? बरोबर आहे. काळ्या पाषाणातलं पाणी काही आपल्या सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं. झरे एकमेकांना लागलेले असतात. आपण चार फूट राखावे आणि शेजारच्या मोटारीने ते खेचून न्यावे, असं घडतं. म्हणून हे एकट्या-दुकट्याने करायचं काम नाही. निदान लागून असलेल्या दोन-तीन विहिरींनी मिळून ठरवावं, की अमुक तारखेनंतर फरदडीला पाणी नाही, पिण्याला, ढोरांना आणि भाजीला. कागद करायची गरज नाही, पण चार माणसांसमोर बोललेलं असावं.

उन्हाळ्याची तयारी जानेवारीतच लागते. दोडका, कारली, दुधी यांचं बी पहिल्या पंधरवड्यात पिशव्यांत शेणखत-माती भरून टोचायचं आणि गोठ्याच्या उबेच्या भिंतीला ठेवायचं. तीन-चार आठवड्यांनी रोपं जमिनीत. भेंडीला घाई करू नये. थंड मातीत बी कुजतं. रात्रीची थंडी मोडली की जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत लावावी. गवार आणि बरबटी उन्हाला भीत नाहीत. वेलांचा मांडव पश्चिमेच्या बाजूला घातला, की दुपारनंतरचं ऊन अडतं आणि मांडवाखाली सांभार, पालक एप्रिलातही उभा राहतो. जमिनीवर तुरीचं कुटार चार बोटं जाड पसरावं. वेलांच्या मध्ये साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरावं, वर झाकण. चार वेल त्याच्याभोवती. पाणी पाझरतं तेवढं मुळं घेतात, वाफ होऊन जात नाही. वांग्याची हिवाळी झाडं फेब्रुवारीअखेर वीतभर ठेवून छाटली आणि शेणखत दिलं, की पुन्हा फुटतात.

फवारणीचं एकच सांगतो. कापसाचा पंप भाजीत आणायचा नाही. धुतला तरी नाही. मोनोक्रोटोफॉस भाजीवर मारायला २००५ पासून बंदी होती आणि तरीही ते वांग्यावर मारणारी घरं आम्ही पाहिली आहेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारणी करता करता माणसं दगावली. जे अंगाला लागून माणूस जातो ते ताटात कसं चालेल? पाच किलो निंबोळीचा चुरा रात्रभर भिजवून, गाळून, त्याचं शंभर लिटर करायचं, हे माप. पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो. पण निंबोळ्या जून-जुलैत पडतात. त्या तेव्हाच वेचून वाळवल्या तर हिवाळ्यात हाताशी येतात. भाजीसाठी पंप वेगळा ठेवा, नाहीतर झाडूने शिंपडा.

विहीर नसलेल्या घरांचं काय? आमच्यातली दोन घरं विहीरवाल्या घरांशी जोडली गेली; गुंठ्यातले तीन वाफे त्यांचे, आणि कामाचा वाटाही त्याच हिशेबाने. तिसऱ्या घराने मिंधेपण नको म्हटलं. त्यांनी मोरीच्या पाण्यावर दुधीचा एक वेल छपरावर चढवला आहे आणि दोन शेवगे लावले आहेत. त्याशिवाय पाण्याविना मिळणारी भाजी पुष्कळ आहे. हरभरा फुलावर येण्याआधी शेंडे खुडले तर झाडाला फुटवेच जास्त येतात आणि पाला वाळवून उन्हाळ्याला होतो. हिवाळ्यात जास्तीची झालेली वांगी चिरून, मेथी निवडून, टोमॅटो काप करून छपरावर वाळवावे. फुकट वाटून टाकण्यापेक्षा बरं.

जास्तीची भाजी विकावी का, असं कालच एकीने विचारलं. टोपलीभर विकली तर कोणी धरत नाही. पण विकण्यासाठी म्हणून गुंठ्याचा एकर करू नका. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता आणि सप्टेंबरात तोच लोकांनी रस्त्यावर ओतला. कापसात जो खेळ आपण पाहतो तोच तिथे दोन महिन्यांत होतो.

वाल, दोडका, बरबटी आणि देशी गवार यांचं घरचं बी आम्ही पुरचुंड्या बांधून आणलं आहे. संकरित वांग्या-टोमॅटोचं बी धरून ठेवलं तर पुढच्या साली मूळ झाडासारखं येत नाही, म्हणून ते आणलेलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या डाव्या खांबाशी या. एका घराला प्रत्येकी एक चिमूट, आणि बदल्यात तुमच्या गावचं काही असेल तर पुढच्या बैठकीला आणा. आम्हाला पांढऱ्या काटेरी वांग्याचं बी हवं आहे.