मुलाचे दुखणे आणि घरचा आधार

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. पोटदुखी, डोकेदुखी घेऊन मूल महिनोन्‌महिने कुढते, तपासण्यांत काही सापडत नाही आणि घरातील कोणीतरी बोलून जाते, ‘शाळा बुडवायची नाटकं!’ मुलाला हा शब्द दुखण्याहून अधिक लागतो. इजा भरून आल्यावरही मज्जासंस्था धोक्याची सूचना देत राहू शकते. ती वेदना खरीच असते. आजीच्या गोष्टीत रमलेले मूल दुखणे विसरते, म्हणून ते खोटे ठरत नाही. लक्ष अन्यत्र गुंतले की वेदनेचा जोर खरोखरच ओसरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामोपचार व मानसशास्त्रीय उपचार यांनाही औषधांबरोबर स्थान आहे. मात्र खरी कसोटी आईवडिलांची! ‘आज दुखतंय का?’ हा मायेचाच प्रश्न. पण तो दिवसातून दहादा विचारला की मुलाचे चित्त वेदनेवरच खिळते. त्याऐवजी ‘आज वर्गात काय झालं?’ असे विचारावे.

‘दुखणे थांबले की शाळा’ हा क्रमच उलटा आहे. आधी दोन तास, मग अर्धा दिवस शाळा. झोपेची ठरलेली वेळ, संथ श्वसन, रोजचे थोडे चालणे. बऱ्या दिवशी चार दिवसांचे खेळून घेऊन दुसऱ्या दिवशी अंथरूण धरणे, हेही टाळावे. वेदना बहुधा सर्वांत शेवटी हटते. मूल त्याआधीच मैदानावर परतते. चालू औषध मात्र परस्पर बंद करू नये. ताप, घटते वजन वा झोपमोड करणारी नवी वेदना दिसल्यास वैद्यांना तत्काळ दाखवावे.