थेंबाथेंबाचा हिशोब
(कामगारांच्या सभेत परिचारिकांच्या वतीने केलेले भाषण)



रेल्वे आणि टपाल खात्यातील आपल्यासारख्या मंडळींपुढे आम्ही बोलत आहोत. आम्ही लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिका आहोत. आज एकाच कामाविषयी बोलणार आहोत. ते काम म्हणजे अत्यवस्थ मुलाच्या सलाईनच्या नळीतून तपासणीसाठी रक्त काढणे. विषय लहान वाटेल. पण बाहेरच्या बाकावर बसलेले आईबाप आम्हाला रोज विचारतात, "सिस्टर, सकाळीच तर रक्त नेलं, आता पुन्हा कशाला?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मिळणे हा त्यांचा हक्क आहे.

मूल व्हेंटिलेटरवर असले की रक्तातील प्राणवायू, साखर आणि क्षार दिवसातून अनेकदा पाहावे लागतात. दर वेळी नवी सुई टोचली तर मुलाचे हाल होतात, आणि रक्तदाब खाली गेलेल्या मुलाची शीर सापडतही नाही. म्हणून मानेतील किंवा जांघेतील मोठ्या शिरेत सेंट्रल लाईन घालतात, मनगटाच्या धमनीतही एक नळी ठेवतात, आणि तिथूनच नमुना घेतात. टोचणे वाचते. पण या सोयीचीही किंमत आहे.

ती किंमत हिशोबाने पाहू. तान्ह्या मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ५ किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून सुमारे ४०० मिलिलिटर. नळीत सलाईन किंवा औषध भरलेले असते, त्यामुळे सुरुवातीला येणारे रक्त तपासणीला चालत नाही. समजा असे २ मिलिलिटर फेकले आणि पुढचे २ नमुन्याला घेतले. दिवसातून सहा वेळा असे केले, तर २४ मिलिलिटर गेले. बाळाच्या एकूण रक्ताचा हा ६ टक्के भाग झाला. ६० किलोच्या माणसाच्या अंगातून रोज पाव लिटर रक्त काढावे, त्यातला हा प्रकार. तीन-चार दिवसांत मूल पांढरे पडते आणि त्याला बाहेरून रक्त चढवावे लागते. म्हणजे तपासणीच एक नवा आजार निर्माण करते! २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत मुलांवरील संशोधनासाठीच्या नियमांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार २४ तासांत एकूण रक्ताच्या १ ते ५ टक्क्यांपर्यंतच नमुना घ्यावा, अशा मर्यादा निरनिराळ्या नियमांत आढळतात. संशोधनात जी काळजी घ्यायची, ती उपचारात विसरून कशी चालेल?

मग पहिले रक्त फेकताच कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचेही कारण ऐका. ५ टक्के ग्लुकोजच्या सलाईनमध्ये दर १०० मिलिलिटरला ५,००० मिलिग्रॅम साखर असते. नमुन्याच्या शंभर थेंबांत या सलाईनचा एक थेंब जरी मिसळला, तरी साखर ५० मिलिग्रॅमने जास्त दिसते. मुलाची खरी साखर ४० म्हणजे धोक्याची, आणि कागदावर ९० म्हणजे ठीक! ज्याला तातडीने साखर द्यायची, त्याला कोणी देणार नाही. पोटॅशियमचेही तसेच. नळीत हेपारिन असेल तर रक्त गोठण्याची तपासणी खोटी येते. ज्या नळीतून एखादे अँटिबायोटिक दिले, तिच्यातून त्याच औषधाची रक्तातील पातळी पाहता येत नाही.

रुळावर काम करायचे तर आधी ब्लॉक घ्यावा लागतो, हे गँगमन बांधवांना सांगायला नको. इथेही नमुन्याआधी सलाईन थांबवावे लागते. पण रक्तदाब टिकवणारे औषध त्याच नळीतून चालू असेल, तर ते क्षणभरही थांबवता येत नाही, आणि ती नळी धुतली तर औषधाचा लोंढा एकदम हृदयाकडे जातो. त्या वेळी दुसरी वाट शोधावी लागते. नळीचे तोंड उघडणे म्हणजे जंतूंना दार उघडणे. म्हणून हात धुणे, नळीचे तोंड स्पिरिटने घासणे, ते वाळू देणे, नमुन्यानंतर नळी सलाईनने धुणे, हवेचा बुडबुडा जाऊ न देणे, यातले काहीही गाळता येत नाही. आणि नावाची चिठ्ठी खाटेपाशीच लावायची. चुकीच्या पत्त्याचे पत्र निदान परत तरी येते, चुकीच्या नावाचे रक्त परत येत नाही.

बांधवांनो, यावर उपाय आहेत. लहान मुलांसाठी अर्ध्या मिलिलिटरच्या नळ्या मिळतात. बंद पद्धतीचे संच मिळतात. त्यांत पहिले रक्त हवेशी संबंध न येता बाजूला थांबते आणि नमुन्यानंतर मुलाच्याच अंगात परत जाते. वरच्या हिशोबात एवढ्यानेच रोजचे १२ मिलिलिटर वाचतात. नमुना दोनाऐवजी अर्ध्या मिलिलिटरवर आणला की २४ मिलिलिटरचे ३ होतात. कमी रक्तात तपासणी होत नाही, ही सबबही टिकत नाही. कॅनडातील २५ अतिदक्षता विभागांत मोठ्या माणसांसाठी कमी रक्ताच्या नळ्या वापरून पाहिल्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नमुना अपुरा पडल्याचे प्रसंग नगण्य होते. तीन तपासण्या तीनदा न करता एकाच वेळी करणे, याला तर पैसाही लागत नाही.

लागतात ते हात आणि वेळ. एक परिचारिका तीन-चार अत्यवस्थ मुले सांभाळत असेल, तर ती नळीचे तोंड वाळेपर्यंत थांबणार कशी? रिक्त जागा न भरता "काळजी घ्या" असे परिपत्रक काढल्याने काळजी घेतली जात नाही.

म्हणून आपल्याकडे मागणे आहे. भुसावळ असो, इटारसी असो की सिकंदराबाद, आपल्या सभासदाचे मूल अतिदक्षता विभागात असेल तेव्हा न घाबरता विचारा: आज किती रक्त काढले? मुलांच्या नळ्या वापरता का? तपासण्या एकत्र करता येतील का? चांगली परिचारिका या प्रश्नांनी रागावत नाही. आणि आपल्या संघटनेचे प्रतिनिधी पी. एन. एम.च्या बैठकीत इस्पितळाचा विषय काढतील, तेव्हा औषधांच्या तुटवड्याबरोबर तीन गोष्टी मांडाव्यात: मुलांच्या नळ्या, बंद पद्धतीचे संच आणि परिचारिकांच्या रिक्त जागा. पहिल्या दोन्हींचा खर्च, चढवाव्या लागणाऱ्या रक्ताच्या आणि वाढलेल्या मुक्कामाच्या खर्चाशी ताडून पाहावा, असे प्रशासनाला सांगा.

मोठ्या माणसाला दोन मिलिलिटर रक्त गेलेले कळतही नाही. पाच किलोच्या जिवाला ते मोजावे लागते. मोजण्याची जबाबदारी आमची, आणि मोजायला लागणारी साधने व माणसे मिळवण्याची लढाई आपल्या सर्वांची.