भांडावं, पण एका सतरंजीवर



पुण्याच्या बुधवार पेठेत भिडेवाडा होता. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथं मुलींची शाळा काढली. विरोधकांनी सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला. त्यांनी शिकवणं सोडलं नाही.

या दोघांवरचा ‘फुले’ हा हिंदी चित्रपट 11 एप्रिल 2025 रोजी येणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला. सेन्सॉर बोर्डानं काही जातिवाचक शब्द बदलायला सांगितले. शेवटी चित्रपट 25 एप्रिलला लागला.

कुणी म्हणतं, जुनं उकरून तेढ कशाला वाढवायची? कुणी म्हणतं, जातीचं नावच गाळलं तर आमच्या आज्यांनी काय सोसलं ते कळणार कसं? मला दुसरं म्हणणं पटतं. पण पहिलं म्हणणारीलाही गप्प बसवायचं नाही.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. नियम एकच. उत्तर देण्याआधी समोरचीचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं. ‘हो, हेच म्हणायचं होतं मला,’ असं ती म्हणाली की मग आपलं मांडायचं. मत बदललं नाही तरी चालेल. पुढच्या महिन्यात दोघी एकाच सतरंजीवर बसल्या पाहिजेत.