जुन्या फ्लॉपीसाठी बाह्य वाचक-यंत्र

नव्या संगणकाच्या मदरबोर्डवर फ्लॉपीचा ३४ पिनांचा कनेक्टर आता नसतो. यूएसबीला जोडायचा तयार फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो, पण तो तोकडा पडतो. फक्त साडेतीन इंची, त्यातही पीसीवर फॉरमॅट केलेली फ्लॉपी तो वाचतो. सव्वापाच इंची फ्लॉपी किंवा अमिगा संगणकाची चकती त्याच्या आवाक्याबाहेरची. शिवाय एखाद्या सेक्टरचा ताळा जुळला नाही की त्यातला कंट्रोलर हात वर करतो. चकतीवर प्रत्यक्षात काय उमटले आहे, हे संगणकाला कळतच नाही.

बाह्य यंत्र याच ठिकाणी वेगळी वाट धरते. मूळ ड्राइव्ह तसा अडाणीच असतो. फाइल, फोल्डर, सेक्टर यांची त्याला गंधवार्ता नसते. चकती फिरव, हेड एक ट्रॅक पुढे ने, दुसरी बाजू निवड, असे हुकूम तो पाळतो आणि चकतीवरच्या चुंबकीय दिशेत बदल झाला की एका तारेवर एक स्पंद पाठवतो. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत दोन स्पंदांमधले अंतर साधारण २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंद असते, आणि सगळी माहिती या अंतरांतच असते. यंत्रातला मायक्रोकंट्रोलर ही अंतरे मोजून यूएसबीवरून जशीच्या तशी पाठवतो. अर्थ लावण्याचे काम संगणकावरचा प्रोग्राम सवडीने करतो. त्यामुळे फॉरमॅट कोणताही असला तरी यंत्र तेच राहते, आणि रुसलेला ट्रॅक चारपाच फेऱ्यांत वाचून त्यांतली बरी फेरी निवडता येते. कीर फ्रेझर यांच्या ‘ग्रीझवीझल’ या प्रकल्पाचे काम याच तत्त्वावर चालते. त्याची सुरुवातीची आवृत्ती ‘ब्लू पिल’ नावाच्या स्वस्त बोर्डवर बेतलेली होती.

जुळणी अवघड नाही: जुना ड्राइव्ह, बोर्ड, रिबन केबल आणि वीजपुरवठा. साडेतीन इंची ड्राइव्हला बहुधा ५ व्होल्ट पुरतात. सव्वापाच इंचीला १२ व्होल्टही लागतात. ड्राइव्हचा दिवा सुरू केल्यापासून विझतच नसेल तर केबल उलटी बसली आहे, असे खुशाल समजावे. पीसीच्या केबलमध्ये काही तारांना मुद्दाम पीळ दिलेला असतो. पिळापलीकडचा ड्राइव्ह ‘ए’ ठरतो. ३६० केबीची चकती १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचताना हेड दोन-दोन पावले न्यावे लागते, कारण चकतीवर एका बाजूला ४० ट्रॅक, तर ड्राइव्हच्या हिशेबात ८० असतात.

चकती आत सरकवण्याआधी झडप उघडून पाहावे. दमट हवेत राहिलेल्या चकतीवर बुरशीचे पांढुरके ठिपके असतात. ती तशीच फिरवली तर बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या चकतीलाही ओरखडे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आधी चकती आणि नंतर हेड पुसावे. साडेतीन इंची फ्लॉपीची लेखनबंदीची खिडकी उघडी ठेवावी. सव्वापाच इंचीची खाच मात्र चिकटपट्टीने झाकावी. नियम एकमेकांच्या नेमके उलट असल्याने इथे गल्लत होते.

मराठी मजकुराच्या फ्लॉपीत आणखी एक अडचण येते. मुद्रणासाठी श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी केलेला जुना मजकूर युनिकोडमध्ये नसतो. फाइल धडधाकट वाचली तरी पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. तो त्या फॉन्टच्या तक्त्यानुसार बदलून घ्यावा लागतो. म्हणून छापखान्याच्या कपाटात फ्लॉपी सापडल्या, तर शेजारची फॉन्टची चकतीही टाकून देऊ नये.