दाराची किल्ली कोणाच्या हातीं?

(बडनेरा येथें शेतकरी व विद्यार्थी यांच्यासमोर एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आम्ही खेड्यांतल्या मराठी शाळेचे मास्तर. ट्रेनिंग कॉलेजापलीकडे आमची विद्या नाहीं. चीन, जपान व कोरिया येथील राजांच्या व्यापाराविषयीं असल्या मास्तरानें काय बोलावें, असें कोणास वाटेल. परंतु बडनेऱ्याच्या स्टेशनावर उभें राहिलें म्हणजे या विषयाशीं आपला संबंध काय तो कळतो. याच रुळांवरून वऱ्हाडचा कापूस मुंबईस गेला, व तेथून जहाजांत भरून विलायतेस व जपानास गेला. कापूस जग पाहून आला. पिकविणारा मात्र गांवाच्या शिवेंतच राहिला.

इ. स. १८५३ हें साल ध्यानांत ठेवा. त्या वर्षीं एप्रिलांत मुंबईहून ठाण्यास आगगाडी धांवली. मे महिन्यांत निजामानें फौजेच्या खर्चापोटीं व कर्जापोटीं वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. आणि जुलैंत अमेरिकेचा पेरी नांवाचा आरमारी अधिकारी चार लढाऊ जहाजें घेऊन जपानच्या दारांत उभा राहिला. दोन दारें एकाच वर्षीं ठोठावलीं गेलीं. पुढें जपानचें काय झालें व आपलें काय झालें, हा आजचा विचार.

जपानच्या तोकुगावा राज्यकर्त्यांनीं दोनशें वर्षांहून अधिक काळ दार लावून घेतलें होतें. परकी पाद्री व परकी तोफा यांचें त्यांस भय होतें. प्रजेनें परदेशीं जाऊं नये असा हुकूम १६३५ सालीं सुटला. १६३९ सालीं पोर्तुगीजांचें येणें बंद झालें. डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देशिमा या लहानशा बेटांत कोंडून ठेवलें. तरी खिडकी उघडी होती. चिनी गलबतें येत, कोरियाशीं देवघेव चाले, आणि डच ग्रंथ वाचणारे पंडित तयार होत. चीनच्या बादशहानें १७५७ पासून पाश्चात्य व्यापाऱ्यांस कँटन हें एकच बंदर मोकळें ठेवलें. इंग्रजांनीं हिंदुस्थानची अफू तेथें लोटली. १८३९ सालीं चीननें ती जप्त केली, तेव्हां युद्ध झालें, व १८४२ सालीं पांच बंदरें उघडावीं लागलीं. कोरियाचें दार तर १८७६ सालीं खुद्द जपाननेंच तोफा दाखवून उघडलें, व १९१० सालीं तो देश गिळला. काल स्वतः ज्याचा मार खाल्ला, तोच मार जपाननें शेजाऱ्यास दिला. हें त्याचें पाप आम्ही झांकीत नाहीं.

परंतु त्याचा एक गुण घेण्यासारखा आहे. १८७१ सालीं जपानचे मंत्री स्वतः जहाजांत बसून अमेरिका व युरोप पाहावयास निघाले. १८७२ सालीं गांवोगांवीं शाळा काढण्याचा कायदा झाला. शेतकऱ्याचा पोरगा वाचूं लागला. वीस वर्षांत त्यांच्या गिरण्या हिंदी कापूस मागूं लागल्या, आणि १८९३ सालीं जमशेटजी टाटांनीं जपानी कंपनीशीं मिळून मुंबई ते जपान अशी जहाजें सुरू केलीं.

दार लावणें तेवढें वाईट व उघडणें तेवढें चांगलें, असें कोणी समजूं नये. शिवाजी महाराजांनीं १६७१ सालीं बारदेशांतून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्यास कुडाळच्या सुभेदारास लिहिलें, कारण स्वस्त मिठानें आपल्या मिठागरांचा धंदा बुडाला असता. तेथें किल्ली रयतेचें हित पाहणाऱ्याच्या हातीं होती. उलट, समुद्र ओलांडला कीं जात बाटते, हें कुलूप आपल्याच शास्त्रीमंडळींनीं आपल्याला घातलें. त्यानें रयतेचें कोणतें हित झालें?

आतां वऱ्हाडकडे वळूं. १८६१ ते ६५ अमेरिकेंत यादवी चालली, तेथला कापूस थांबला, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली, भाव कोसळला. भाव कां चढला व कां पडला, हें शेताच्या बांधावर कोण सांगणार?

पुढें १९७२ पासून राज्य सरकारनें एकाधिकार खरेदी सुरू केली. कापूस सरकारलाच घालावा, राज्याबाहेर नेऊं नये. व्यापाऱ्याच्या लुटींतून शेतकऱ्यास सोडवावें हा हेतु होता, आणि मंदीच्या वर्षीं तिचा आधारहि झाला. परंतु तेजीच्या वर्षीं शेजारच्या राज्यांत भाव अधिक व सीमेवर नाका, असें होई. आमच्या लहानपणीं वडिलांची बंडी खरेदी केंद्राबाहेर दोन रात्री उभी राहिलेली आम्हांस आठवते. ग्रेडरनें मूठभर कापूस उचलला व कागदावर प्रत लिहिली. वडिलांनीं तो कागद आमच्या हातीं दिला व विचारलें, "काय लिवलं रे बापू?" आम्ही वाचून दाखविलें. प्रत खालची होती. पण तोंवर बंडी रिकामी झाली होती.

तो कागद आम्ही विसरलों नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें परदेशी कापसावरचा ११ टक्के आयातकर उठविला, व ती सूट डिसेंबरअखेर, म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामांत चालली. गिरणीवाल्यांस कापूस स्वस्त हवा, हें आम्हांस समजतें. पण दार उघडतांना घरांतल्या माणसास विचारलें काय?

बंधूंनो, विचारावें असें वाटत असेल तर विचारतां आलें पाहिजे. पापळच्या शेतकऱ्याचे चिरंजीव पंजाबराव देशमुख १९२० सालीं विलायतेस गेले. परत येऊन १९३२ सालीं त्यांनीं अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, व पुढें ते देशाचे कृषिमंत्री झाले. समुद्र ओलांडून ते बाटले नाहींत; त्यांनीं शेंकडों घरांत पाटी नेली.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. कांट्यावरचें वजन स्वतः पाहा. चुकाऱ्याचा कागद वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करूं नका. रोजचा भाव मुलीकडून मोठ्यानें वाचवून घ्या, आणि त्यासाठीं ती शाळेंतून काढूं नका. दार उघडें असो कीं बंद, किल्ली कोणाच्या कमरेला आहे हें ज्याला वाचतां येतें, त्याला फार दिवस कोंडून ठेवतां येत नाहीं.